मांडे कोणाच्या पाठीवर भाजायचे?

जिभेची निंदा करणे आम्हा कीर्तनकारांना फार सोपे जाते. नारदाच्या गादीवर उभे राहावे, रसनेला चार कठोर शब्द ऐकवावेत, श्रोत्यांनी माना डोलवाव्यात, आणि कीर्तन आटोपले की बुवांसह सर्वांनी पिठलं-भाकरीच्या पंगतीला बसावे. पिठल्याला मिरची कमी लागली तर प्रथम बुवांच्याच ध्यानात येते! यात कोणी लबाड असतो असे नव्हे. बोललो तेही मनापासून, आणि जेवलो तेही मनापासून. तथापि या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न उरतोच.

मार्गशीर्षातल्या थंडीत ऊन भाकरीवर लोण्याचा गोळा विरघळताना पाहिला की जीव सुखावतो. श्रावणातल्या झडीत हुलग्याचे माडगे पोटात गेले की अंगात ऊब येते. दुपारच्या वेळी वाकळीला टाके घालताना बाईला घटकाभर जगाचा विसर पडतो. कोणाला पखवाजाचा नाद, कोणाला परसातल्या झेंडूचा. घरातली ही लहान लहान सुखे परमार्थाच्या वाटेवरचे काटे समजायचे, की वाटेवरच्या पाणपोईचे रांजण? हा प्रश्न पंडितांच्या सभेतला नाही, घराघरांतला आहे. आणि त्याचे उत्तर भलतेच दिले, तर ते घरात कोणाला तरी भोगावे लागते. कसे, ते पाहा.

एका गावचे एक गृहस्थ. त्यांनी माळ घातली, वारी धरली. उत्तम केले. पुढे त्यांच्या मनाने घेतले, की आता जीभ जिंकायची. फोडणी वर्ज्य, तिखट वर्ज्य, आठवड्यातले चार दिवस मीठही वर्ज्य. पंचक्रोशीत नाव झाले. पण घरात माणसे सात. सहा जणांचा स्वयंपाक निराळा, यांचा निराळा. यांचे अळणी वरण यांना अगदी ऊन ऊन लागे, कारण गार झालेले अन्न तामस! त्यांच्या घरची बाई पहाटे चारला उठून सणसवाडीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्या मुलाचा डबा करी, मग बाकीच्यांचे करी, आणि मग निराळी पातेली चढवून यांचे वैराग्य शिजवी. ते गृहस्थ वाईट नव्हते, खरोखर भाविक होते. पण त्याग एकाच्या नावावर जमा होत होता आणि खर्च दुसरीच्या नावावर पडत होता. असला हिशेब सावकाराच्या वहीत दिसला तर आपण त्याला काय म्हणू?

आता शास्त्र काय म्हणते? गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराचे वर्णन आहे, ते काही बेचव अन्नाचे नाही. तो आहार रसाळ, स्निग्ध आणि मनाला रुचणारा असावा असेच सांगितले आहे. नाक मुरडले आहे ते अति तिखट, अति आंबट, अति खारट अशा पदार्थांकडे पाहून, आणि शिळ्या-उष्ट्याकडे पाहून. चव स्वतः तेथे आरोपी नाही.

मीमांसकांनी तर याविषयी मोठी मार्मिक गोष्ट सांगून ठेवली आहे. भूक लागल्यावर खावे, हे सांगायला वेद लागत नाही. ते रागप्राप्त आहे, म्हणजे आवडीने आपोआप घडते. मग खाण्याविषयीची इतकी वाक्ये शास्त्रात येतात ती कशासाठी? ती ‘खा’ असे सांगायला येत नाहीत. ‘याच्या पलीकडे जाऊ नका’ असे सांगायला येतात. अशा वाक्याला परिसंख्या म्हणतात. पाठशाळेत हा विषय आम्हाला रुक्ष वाटे. पुढे गावोगाव हिंडताना कळले, की आमच्या मायमाउल्यांनी मीमांसेचे पान उलटले नसेल, पण परिसंख्या त्यांच्या चुलीपाशी नांदते आहे. शेताला कुंपण घालणारा शेताचा वैरी असतो काय?

कांदेनवमीच घ्या. आषाढ शुद्ध नवमीला कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, भाकरीबरोबर फोडलेला कांदा, असे घरभर कांद्याचेच राज्य. दोन दिवसांनी देवशयनी एकादशी, आणि तेथून जी घरे चातुर्मास पाळतात त्यांच्याकडे कांदा, लसूण, वांगे बंद. पुढे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला चंपाषष्ठी येते. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, आणि वांगे पुन्हा ताटात येते. जवळजवळ पाच महिने दूर ठेवलेले वांगे निखाऱ्यावर फुटते, साल करपते, त्याचा तो वास शेजारच्या वाड्यापर्यंत जातो. त्या दिवशीच्या भरिताला जी गोडी असते ती बाराही महिने भरीत खाणाऱ्याला कोठून ठाऊक असणार? कांद्याला निरोप द्यायचा तोही सण करून, वांग्याला परत बोलवायचे तेही सण करून. कांद्यावर रागावून कांदा सोडलेला नाही, हे ध्यानात घ्यावे.

शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला कीर्तनानिमित्त जाणे होते, तेव्हा हे ऋतूंचे चक्र मला विशेष जाणवते. गाव भीमेच्या काठी. वरच्या अंगाला तुळापूर, तेथे भीमा, भामा आणि इंद्रायणी यांचा संगम. म्हणजे देहू-आळंदीवरून आलेले पाणी वढूच्या कडेने खाली पंढरीला जाते आणि चंद्रभागा म्हणवते. (वाटेत 1980 साली पुऱ्या झालेल्या उजनीच्या धरणात त्याचा बराच मुक्काम पडतो, ते निराळे.) त्याच पाण्याकाठी या गावची भाकरी थापली जाते.

येथे हिवाळा म्हणजे बाजरी. बाजरीचे पीठ फार दिवस ठेवले तर कडू होते, म्हणून शहाणी बाई चार-सहा दिवसांपुरतेच दळून आणते. ऊन पाण्यात पीठ मळायचे, तळहाताने रगडायचे, परातीत थापायचे. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, आणि मग आरावर उभी करायची. पापुद्रा सुटून भाकरी फुगली की करणारीच्या तोंडावर जे समाधान दिसते, त्याला मी आसक्ती म्हणायला तयार नाही. सोबत हुलग्याची शेंगोळी, लसणाची फोडणी दिलेली. कधी पाहुणा आला तर मासवडी. नाव ऐकून नवा माळकरी दचकतो. पण आत तीळ, खोबरे आणि वर डाळीचे पीठ, माशाशी संबंध फक्त आकाराचा! भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि शेतातल्या साऱ्या शेंगाभाज्यांची मिसळ. पौष-माघात ज्वारीची कणसे हुरड्यात आली की शेतात आगटी पेटते. गोवरीच्या आरात कणीस भाजायचे, हातावर चोळायचे, फुंकर मारायची आणि ऊन ऊनच समोरच्याच्या हातावर द्यायचे. हुरडा सहसा एकट्याने खात नाहीत, हे मला त्यातले विशेष वाटते. एक जण भाजतो, एक चोळतो, आणि भाजणाऱ्याला कोणीतरी अधूनमधून भरवतो.

चरकाचार्य म्हणतात, हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो. त्याला पुरेसे इंधन दिले नाही, तर तो शरीरातला रसच जाळू लागतो. म्हणजे त्या दिवसांतले तूप-लोणी ही चैन नव्हे, देहाची रास्त मागणी आहे. पावसाळ्यात हाच अग्नी मंद होतो, म्हणून हलके, ऊन, पातळ असे अन्न. माडगे आणि मऊ भात त्या हिशेबात चपखल बसतात. शरद आणि वसंत यांचेही नियम आहेत. जिज्ञासूंनी वैद्याला विचारावे.

मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते वाग्भटांचे ऋतुसंधीचे वचन. अष्टांगहृदयात त्यांनी सांगितले आहे, की सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून संधिकाल. या चौदा दिवसांत जुना आहारविहार हळूहळू सोडावा आणि नवा हळूहळू धरावा. एकदम सोडले, एकदम धरले, तर रोग होतात. आमच्याकडे होळीच्या सुमारास ज्वारीच्या पिठात मूठभर बाजरी मिसळतात, मग चिमूटभर, मग नुसती ज्वारी. बाजरी केव्हा गेली हे घरातल्या पोरांना कळतही नाही. वैराग्य म्हणून आपण जे शोधत फिरतो, त्यातला थोडा अभ्यास येथे होत नाही काय? आवडीचे होते, पोटभर खाल्ले, वेळ झाली, सोडले. त्याचा गवगवा नाही आणि हळहळही नाही.

याच वढूला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. 11 मार्च 1689, फाल्गुन अमावास्या. त्या स्मरणार्थ अलीकडे कित्येक जण फाल्गुन महिनाभर आवडीचे काही सोडतात. कोणी गोड सोडतो, कोणी चहा, कोणी पायांतली वहाण. अमावास्येला समाधीपाशी माथा टेकतात, आणि दुसऱ्याच दिवशी पाडवा. सकाळी कडुनिंबाचा पाला गुळाबरोबर चावायचा आणि दुपारी पुरणपोळी. काल दुखवटा, आज पुरण. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. मला वाटते, ज्याला सोडणे साधले त्यालाच पुन्हा धरणेही नीट साधते.

उलट आजच्या घरात शीतकपाट आले आहे. आमरस पौषात मिळतो, मटार श्रावणात. सोय मोठी आहे, तिची निंदा मी करणार नाही. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून माझ्याही घरी ते आहे. पण ऋतू जे आपल्या हातून आपोआप सोडवून घेत असे, ते आता आपल्यालाच सोडावे लागते. परिसंख्येचे काम पूर्वी निम्मे आभाळ करीत होते.

आता छंदाचे पाहू. ‘छंद’ हा शब्दच मोठा गमतीचा आहे. संस्कृतात त्याचा एक अर्थ आवड, इच्छा. आणि दुसरा अर्थ वृत्त, मात्रांचे मोजमाप. यास्काचार्य निरुक्तात त्याचा संबंध छादनाशी, म्हणजे झाकण्याशी जोडतात. आवड, माप आणि पांघरूण, तिन्ही एका शब्दात! वढूकडच्या एखाद्या आजीची वाकळ डोळ्यांपुढे आणा म्हणजे तिन्ही अर्थ एकदम दिसतील. जुनी लुगडी, फाटकी धोतरे, गेलेल्या माणसाचा एखादा कपडा, असे थरावर थर घालून ती धावदोऱ्याने कडेकडेने शिवत येते. टाका वाकडा गेला तर उसवते. कोणी मागत नाही, कोणी पैसे देत नाही. पुढे हिवाळ्यात नातवंडे तिच्यात शिरून झोपतात, आणि ज्या आजोबांना त्यांनी पाहिले नाही त्यांच्या धोतराची ऊब त्यांना मिळते. अशा छंदाला मी परमार्थाचा विरोधी म्हणू शकत नाही. तसेच उन्हाळ्यातले वाळवण. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून सत्त्व काढायचे, निवळायचे, चीक शिजवायचा, आणि शेजारच्या चौघींना हाक मारून सोऱ्याने कुरडया घालायच्या. एकटीने होणारे हे काम नव्हे. अर्धा चीक पोरेच फस्त करतात, ती गोष्ट वेगळी.

पुरुषांच्या छंदांतला मला आवडणारा छंद पखवाजाचा. त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, तेव्हा तो गंभीर बोलतो. ती कणीक येते कोठून? घरातल्या परातीतून. संध्याकाळी भजनाला निघालेला वादक आत डोकावून गोळाभर कणीक मागतो, आणि तीच कणीक इकडे पोळी होते, तिकडे नाद होते. मंदिरातल्या पखवाजाचा धुमारा ऐकताना ही परात कोणाच्या ध्यानी येत नाही.

पण हाच छंद डोळ्यांवरचे झाकण झाला की त्याला आपल्या बोलीत ‘नाद’ म्हणतात, आणि तो ‘लागतो’, जसे भूत लागते. शिरूर, खेड, आंबेगाव या भागात बैलगाड्यांच्या शर्यतींचा नाद जुना आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने कायदा उचलून धरला. न्यायाचे न्यायालयाने पाहिले. बैलावर लेकरासारखी माया करणारे शेतकरी मी पाहिले आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती बैलाला खुराक आणि घरच्या पोराला कोरा चहा, असे जेथे होते त्या घराविषयी. छंदाचे मात्रामोजमाप तेथे सुटले.

म्हणजे पुन्हा आपण त्याच ठिकाणी आलो: सुख कोणाचे आणि शीण कोणाचा? मनुस्मृतीने गृहस्थाच्या घरी पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. त्यांना पंचसूना म्हणतात. या वस्तूंनी नकळत किडा-मुंगी मरते, म्हणून रोजचे पंचमहायज्ञ सांगितले. फार सूक्ष्म विचार आहे. पण पाहा, या पाचही ठिकाणी वाकून, राबून जिची कंबर मोडते, तिचाही या यादीत विचार करायला नको काय? मुंगीसाठी प्रायश्चित्त सांगितले. चुलीच्या धुराने ज्या डोळ्यांना पाणी सुटले, त्या डोळ्यांसाठी काय? 2016 च्या उज्ज्वला योजनेने कित्येक घरांत गॅसची शेगडी पोहोचवली, हे चांगले झाले. पण धूर गेला तरी ऊन स्वयंपाकघरातले तास कमी झाले नाहीत.

मी कधी कधी कीर्तनात श्रोत्यांना विचारतो, “तुमच्या आईच्या हातचे तुम्हाला काय आवडते?” लगेच आवाज येतात. पुरणपोळी! शेंगोळी! मासवडी! मंडपात हशा पिकतो. मग विचारतो, “आणि तुमच्या आईला काय आवडते?” मंडप गप्प होतो. मागच्या बाजूला बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसतात. एकदा एक म्हातारी माउली तेथूनच म्हणाली, “महाराज, आमाला आवडतं ते उरलं तर!” त्यावर मला निरूपण सुचले नाही, मी नामाचा गजर घेतला.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ आपल्यापुरते शिजवणाऱ्याला दोष दिला आहे. ते वचन आम्ही आजवर कृपणाला लावत आलो. पण जी कधीच आपल्यासाठी शिजवत नाही, तिच्या ताटात शेवटची करपलेली भाकरी पडते, त्याचा दोष कोणाला लावायचा? तुकोबारायांची पालखी दौंड तालुक्यात यवतच्या मुक्कामी येते, तेव्हा गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. साधे घरगुती अन्न, पण त्याची वाट वारकरी वर्षभर पाहतात. अशा पंगतींच्या वेळी गावोगाव मोठाल्या कढया घाटायला गडीमाणसेच पुढे असतात. घाम पुसत, नाव घेत, तासन्‌तास पिठले घाटतात. मग तोच हात घरी उलथन्याला का लागत नाही? पालखी रोज येत नाही, हे खरे. भूक मात्र रोज येते.

आपल्या परंपरेत याचे उत्तर आळंदीलाच सापडते. निवृत्तिनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पाहा हं, इच्छा कोणाला झाली? नाथपंथाची दीक्षा लाभलेल्या, ज्ञानदेवांच्या सद्गुरूंना! आणि तीही मांड्यांची, जो स्वयंपाकातला फार कसबाचा पदार्थ. सपीट मळून, हातावर झेलत पातळ करून, उपड्या खापरावर भाजायचा. ‘छे, ही रसना!’ असे कोणी म्हटल्याचे कथेत नाही. मुक्ताई लगेच खापर आणायला कुंभारवाड्यात गेली. विसोबांनी ते कोणी तिला देऊ नये असा बंदोबस्त केला होता. ती रडत परत आली. तेव्हा ज्ञानदेवांनी योगाग्नी चेतवला आणि आपली पाठ पुढे केली. “भाज मुक्ताई.”

या प्रसंगात योगसामर्थ्य किती, याचे वर्णन आम्ही तासभर करतो, आणि ते करण्याजोगेच आहे. पण मला अलीकडे त्यातली साधी गोष्ट जास्त दिसते. भावाने उपवास पाळून बहिणीचे काम वाचवले नाही, किंवा ‘आज राहू दे, मांडे नकोत’ असेही म्हटले नाही. तिच्या हातचा पदार्थ होऊ दिला, आणि भाजण्याची आच स्वतःच्या अंगावर घेतली. ज्या गृहस्थांची गोष्ट आरंभी सांगितली, त्यांना त्यांच्या घरच्या मंडळींनी पुढे काय सांगितले ते मला ठाऊक नाही. मला कोणी विचारले, तर मी म्हणेन: अळणीच खायचे तर खुशाल खा, पण ते पातेले तुम्ही चढवा, तुम्ही उतरवा आणि तुम्हीच घासा. चाळीस दिवस असे करून पाहा. मग मीठ सोडायचे की राहू द्यायचे, ते तुमचे तुम्हाला कळेल.

कथेचा शेवट आम्ही विसोबांवर करतो. ते दाराआडून हे पाहतात, पश्चात्ताप पावतात, आत येऊन उष्टे कण प्रसाद म्हणून मुखात घालतात. तो भाग श्रोत्यांना फार भावतो आणि मीही तो सोडत नाही. फक्त विसोबा आत येण्याआधी मी एक पंगत बसवतो. चार पाने मांडतो: निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. आणि वाढायला सुरुवात करतो ती मुक्ताईच्या पानापासून.